न झालेल्या लढाईचे जवान

कारगिलच्या लढाईत 527 जवान गेले. दरवर्षी 26 जुलैला भाषणांतून हा आकडा ऐकू येतो आणि तो ऐकू यायलाच हवा. त्या लढाईनंतर अडीच वर्षांनी, डिसेंबर 2001 ते ऑक्टोबर 2002 या दहा महिन्यांत, लष्कराने 798 जवान गमावले. जुलै 2003 मध्ये तेव्हाचे संरक्षणमंत्री जॉर्ज फर्नांडिस यांनी हे संसदेत सांगितलं. हा दुसरा आकडा कुठल्याच भाषणात येत नाही. त्याला दिवस नाही, विजयस्तंभ नाही, सिनेमा नाही. कारण त्या दहा महिन्यांत युद्ध झालंच नाही.

त्या 798 मध्ये सीमेवरच्या गोळीबारात आणि काश्मीरमधल्या चकमकींत पडलेले जवान आहेत. पण ज्यांच्यावर शत्रूने बंदूक रोखलीच नव्हती, असेही त्यात पुष्कळ आहेत. कुणी आपणच पेरत असलेल्या सुरुंगाने गेला, कुणी रात्रीच्या ताफ्यात ट्रक उलटून, कुणी दारूगोळा हाताळताना. युद्ध उद्या सुरू होणार या हिशेबाने ते तयारी करत होते आणि त्या तयारीतच संपले. विशी-पंचविशीतली पोरं. त्या दहा महिन्यांचं नाव होतं ‘ऑपरेशन पराक्रम’.

सुरुवात सगळ्यांना आठवते. 13 डिसेंबर 2001 च्या सकाळी पाच दहशतवादी लाल दिव्याच्या पांढऱ्या गाडीतून संसद भवनाच्या आवारात शिरले. त्यांना रोखताना जे नऊ जण गेले, त्यांत केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या 88 व्या महिला बटालियनच्या कमलेश कुमारी होत्या. त्यांनी आरडाओरडा करून सगळ्यांना सावध केलं, म्हणून दारं वेळेत बंद झाली. त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळालं. आपल्या नांदेड जिल्ह्यातल्या मुदखेडला याच दलाचं प्रशिक्षण केंद्र आहे. देशभरातून आलेली पोरं लोखंडी पेट्या घेऊन मुदखेड जंक्शनला उतरतात, इथल्या उन्हात घडतात आणि काश्मीरला, छत्तीसगडला, ईशान्येला निघून जातात. दिल्लीतल्या त्या सकाळचा धागा इथपर्यंत येतो तो असा.

हल्ल्यानंतर आठवडाभराच्या आत सैन्याला सीमेवर जाण्याचे आदेश सुटले. 1971 नंतर एवढी मोठी हालचाल झाली नव्हती. सुमारे पाच लाख भारतीय सैनिक पश्चिम सीमेवर आणि नियंत्रण रेषेवर जाऊन उभे राहिले. पलीकडे पाकिस्तानचे तीन लाख. रजा रद्द झाल्या. घरी आलेल्या जवानांना परत बोलावलं गेलं. तेव्हा नांदेड-लातूरच्या खेड्यांत मोबाईल नव्हता; गावातल्या एखाद्या एसटीडी बूथवर निरोप यायचा, नाहीतर पत्र. पत्रावर गाव नाही, जिल्हा नाही, नुसतं ‘मार्फत 56 एपीओ’. पोरगं राजस्थानात आहे की पंजाबात, हे त्यावरून घरच्यांना कळत नसे आणि कळू नये अशीच ती व्यवस्था होती.

पण ही हालचाल फार सावकाश झाली. खोलवर मुसंडी मारणाऱ्या तीन स्ट्राइक कोअर होत्या मथुरा, अंबाला आणि भोपाळला. त्यांचे रणगाडे, तोफा, दारूगोळा, पूल बांधायचं सामान रेल्वेने आणि रस्त्याने सीमेवर पोचायला सुमारे तीन आठवडे लागले. तोवर 12 जानेवारी 2002 ला पाकिस्तानचे अध्यक्ष परवेझ मुशर्रफ यांनी दूरचित्रवाणीवरून भाषण केलं, लष्कर-ए-तोयबा आणि जैश-ए-महंमद या संघटनांवर बंदी घातली आणि जगाचा दबाव भारताकडे वळला. हल्ल्याची वेळ निघून गेली होती. सैन्य मात्र तिथेच होतं, बोट घोड्यावर ठेवून. आज आदेश येईल, उद्या येईल, असं करत दहा महिने काढायचे म्हणजे काय, हे त्या काळात सीमेवर असलेल्या कुठल्याही निवृत्त सुभेदाराला विचारून बघावं.

या काळातलं सर्वात जीवघेणं काम होतं सुरुंग पेरण्याचं. सैन्य सीमेवर पोचलं तसं पहिलं काम हेच हाती घेतलं गेलं. पंजाबातली गव्हाची शेतं, राजस्थानातली वाळू, जम्मूकडचे पाणथळ पट्टे, सगळीकडे सुरुंगांच्या रांगा आखल्या गेल्या. लाखो सुरुंग जमिनीत गेले. जगभरात त्या दशकांत झालेल्या सर्वात मोठ्या सुरुंगपेरण्यांमध्ये तिची गणना होते. हे काम मुख्यतः सॅपर्सचं, म्हणजे इंजिनिअर पलटणींचं. मद्रास, बंगाल आणि खडकीचे बॉम्बे सॅपर्स हे त्यांचे तीन गट. पण काम इतकं अफाट होतं की पायदळाच्या जवानांनाही हात लावावा लागला.

हे काम जरा जवळून बघायला हवं, नाहीतर माणसं का गेली ते कळत नाही. माणसाविरुद्धचा जो सुरुंग भारतीय सैन्याकडे सर्वाधिक होता, तो एनएम-14. अमेरिकी एम-14 वरून बनवलेला, प्लास्टिकचा, शाईच्या दौतीएवढा. वजन शंभर ग्रॅमच्या आसपास आणि त्यात स्फोटक जेमतेम तीस ग्रॅम. त्याचं काम जीव घेणं नसून पाऊल उडवणं, कारण जखमी माणसाला उचलायला आणखी दोन माणसं लागतात. तो पेरायचा तर आधी लहानसा खड्डा करायचा, बुडाशी डिटोनेटर बसवायचा, सुरुंग खड्ड्यात ठेवायचा, वरची चकती फिरवून बाण ‘सुरक्षित’वरून ‘सज्ज’वर आणायचा, मग सुरक्षा-क्लिप काढायची आणि हलक्या हाताने माती लोटायची. क्लिप निघाली की तो सुरुंग आपला राहत नाही. त्याच्या शेजारी वावभर अंतरावर दुसरा, पुढे तिसरा. मागे सरकायचं ते नेमक्या त्याच वाटेने. जवळच मोठा रणगाडाविरोधी सुरुंग असतो. तो माणसाच्या वजनाने फुटत नाही, पण त्याच्या भोवती पेरलेले छोटे फुटतात. प्रत्येक सुरुंगाची जागा नकाशावर नोंदवायची, कडेने तारेचं कुंपण घालायचं, लाल त्रिकोणी पाट्या लावायच्या.

सरावाच्या मैदानात हेच काम कोऱ्या सुरुंगांवर शिकवतात. तिथे चूक झाली तर उस्ताद ओरडतो. डिसेंबर-जानेवारीच्या पंजाबात मात्र हातभर अंतरावरचं दिसू नये असं धुकं, बोटं बधिर करणारी थंडी, बहुतेक काम अंधारात, आणि युद्ध कधीही सुरू होईल म्हणून वरून सतत घाई. बधिर बोटांनी क्लिप ओढताना चकतीवर जरा जास्त दाब पडला की संपलं. एका पाठोपाठ एक अशा बातम्या येत गेल्या. कधी एक जवान, कधी चार. हे सुरुंग पुढच्या दहा महिन्यांत एकाही शत्रुसैनिकाच्या पायाखाली आले नाहीत, कारण पलीकडून कुणी आलंच नाही. जे गेले ते पेरणारे गेले, पुढे उचलणारे गेले, आणि स्वतःच्याच शेतात पाय ठेवायची बंदी झालेले सीमेवरचे शेतकरी व त्यांची गुरं गेली.

जानेवारीतच बिकानेरजवळ दारूगोळ्याला आग लागून मोठा साठा नष्ट झाला. 3 मे ला जालंधरला हवाई दलाचं मिग-21 बँकेच्या इमारतीवर कोसळलं आणि आठ नागरिक ठार झाले. एवढं सैन्य, एवढी यंत्रं, एवढा दारूगोळा महिनोन्‌महिने तयारीत ठेवला की हे घडतंच. लढाई दोन आठवड्यांत संपते. तयारीला मुदत नसते. थंडी गेली, राजस्थानातला उन्हाळा आला, रणगाड्याच्या पोलादाला हात लावता येईना, तरी सराव थांबला नाही. थांबवून चालणारही नव्हतं.

14 मे 2002 ला जम्मूजवळ कालूचकला दहशतवादी आधी एका बसमध्ये आणि मग लष्कराच्या कुटुंबवस्तीत शिरले आणि तिसाहून अधिक जण मारले गेले. त्यांत बहुतेक जवानांच्या बायका आणि पोरं होती. नवरा सीमेवर आणि घर मागे उद्ध्वस्त, अशी गत. त्या आठवड्यात युद्ध अगदी दाराशी आलं होतं. 22 मे ला पंतप्रधान वाजपेयी कुपवाड्याला जाऊन जवानांशी बोलले. परदेशी वकिलातींनी आपल्या नागरिकांना भारत सोडायला सांगितलं. जूनच्या पहिल्या आठवड्यात अमेरिकेचे परराष्ट्र उपमंत्री रिचर्ड आर्मिटेज इस्लामाबादहून दिल्लीला आले, घुसखोरी कायमची थांबवण्याचं मुशर्रफ यांचं आश्वासन घेऊन. पुन्हा थांबणं. अखेर 16 ऑक्टोबरला सरकारने आंतरराष्ट्रीय सीमेवरून सैन्य मागे घेण्याचा निर्णय जाहीर केला.

त्या दहा महिन्यांनी काय साधलं, यावर लष्करातल्याच लोकांची मतं दोन टोकांची आहेत. काहींच्या मते त्या दबावानेच पाकिस्तानला जाहीरपणे माघार घ्यावी लागली. नौदलाचे तेव्हाचे प्रमुख अ‍ॅडमिरल सुशीलकुमार यांनी मात्र निवृत्तीनंतर ही सरकारची मोठी चूक होती असं स्पष्ट म्हटलं. लष्कराने यातून एक धडा घेतला. तीन आठवडे लागतात म्हणजे उशीर होतो, तेव्हा सीमेजवळच्याच तुकड्यांनी काही दिवसांत चढाई करता यावी अशी नवी आखणी पुढच्या वर्षांत सुरू झाली. राजकीय हिशेब काहीही असो. जवानाने ‘हे युद्ध खरं आहे की दाखवायचं’ असं विचारायचं नसतं आणि त्याने विचारलंही नाही. क्लिप ओढताना त्याच्यासाठी ते खरंच होतं.

सैन्य परतलं, पण सुरुंग जमिनीतच होते. ते काढण्याचं काम पेरण्याहून अवघड निघालं. राजस्थानात वाळूच्या टेकड्या सरकल्या होत्या, पंजाबात पावसाने आणि कालव्याच्या पाण्याने चिखल झाला होता; नकाशावर एक जागा, प्रत्यक्षात सुरुंग दुसरीकडे. प्लास्टिकचा सुरुंग यंत्राला सहज सापडत नाही, म्हणून आंतरराष्ट्रीय करारानुसार भारताने त्यात आठ ग्रॅम लोखंड बसवलं होतं. त्याचा उपयोग झाला, तरी गुडघ्यावर बसून, टोकदार कांबीने माती तिरकी टोचत, इंच इंच पुढे सरकण्याला पर्याय नव्हता. हे काम काही वर्षं चाललं. ‘पराक्रम’ संपल्यावरही ‘पराक्रम’मध्ये माणसं जखमी होत राहिली. नांदेडहून सचखंड एक्स्प्रेसने अमृतसरला जाणारे हजारो भाविक सीमेजवळची जी हिरवीगार शेतं बघतात, त्यांतली कितीतरी अशी एकेक इंच करून शेतकऱ्याला परत दिलेली आहेत.

तयारीत माणूस जाणं हे काही ‘पराक्रम’पासून सुरू झालं नाही. याचा मोठा अध्याय दुसऱ्या महायुद्धातला आहे आणि तो आपल्या दख्खनच्या पठाराशी फार जवळून जोडलेला आहे.

डिसेंबर 1941 मध्ये जपानी सैन्य मलायाच्या किनाऱ्यावर कोटा बहारूला उतरलं, तेव्हा तिथल्या विमानतळाच्या रक्षणाला हैदराबाद संस्थानची पलटण होती. नांदेड, लातूर, मुदखेड तेव्हा त्याच संस्थानात. ही पलटण पहिल्याच धडाक्यात मोडली. 15 फेब्रुवारी 1942 ला सिंगापूर पडलं, मार्चमध्ये रंगून. जंगलात लढायचं कसं हे आपल्या सैनिकांना कुणी शिकवलंच नव्हतं, रंगरूट सहा-आठ महिन्यांत थेट आघाडीवर पाठवले जात होते, असा निष्कर्ष त्यानंतर निघाला. जून 1943 मध्ये पायदळाची पाहणी करायला समिती बसली आणि तिच्या शिफारशीवरून दोन पुऱ्या डिव्हिजन फक्त शिकवण्याच्या कामाला लावल्या गेल्या. त्यांतली 14 वी डिव्हिजन छिंदवाड्याला, म्हणजे नागपूरपासून फार लांब नव्हे. मूळ शिक्षण संपल्यावर रंगरूटाने दोन महिने जंगलात राहायचं, कमी खायचं, रात्री चालायचं, आणि खऱ्या गोळ्यांखाली सरपटायचं.

खऱ्या गोळ्यांचा हा सराव इंग्लंडमधल्या युद्धशाळांतून 1941-42 च्या सुमारास आला. नाव ‘बॅटल इनॉक्युलेशन’. सैनिकाच्या डोक्यावरून हातभर उंचीने मशीनगन चालवायची, आसपास सुरुंग उडवायचे, म्हणजे पहिल्या लढाईत आवाजाने तो गोठून जाणार नाही. याने हजारोंचे जीव वाचले यात शंका नाही. काहींचे गेलेही. 13 एप्रिल 1942 ला इंग्लंडमधल्या इम्बरला हवाई हल्ल्याचं प्रात्यक्षिक होतं. हरिकेन विमानाच्या वैमानिकाने बघायला उभ्या असलेल्या सैनिकांनाच नकली पुतळे समजून गोळ्या घातल्या. 25 ठार, 71 जखमी. 28 एप्रिल 1944 च्या पहाटे नॉर्मंडीच्या चढाईची रंगीत तालीम चालू असताना इंग्लंडजवळच्या लाइम उपसागरात जर्मन टॉर्पेडो बोटी घुसल्या आणि 749 अमेरिकी सैनिक व नाविक गेले. कित्येकांना जीवरक्षक पट्टा छातीला बांधायचा की कमरेला हेच सांगितलं नव्हतं. कमरेला बांधलेल्या पट्ट्याने जड पाठपिशवीसकट माणूस पाण्यात उलटा झाला आणि बुडाला. तालमीची बातमी फुटू नये म्हणून वाचलेल्यांना तोंड बंद ठेवायचा हुकूम होता. पुढे कितीतरी वर्षं कुणी बोललं नाही. अखेर केन स्मॉल नावाच्या तिथल्याच एका सामान्य रहिवाशाने समुद्रतळाशी पडलेला तालमीतला एक शर्मन रणगाडा अमेरिकी सरकारकडून विकत घेतला आणि 1984 मध्ये तो बाहेर काढून टॉरक्रॉस गावात उभा केला. आज त्या 749 जणांचं स्मारक आहे ते हे. ते सरकारने नव्हे, एका माणसाने उभं केलं, ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

त्याच काळात समुद्रावरून उतरण्याचे असे सराव आपल्याकडे खडकवासल्याच्या तलावावर चालले होते. तलावाच्या उत्तर काठावर ‘एचएमएस अंगोस्तुरा’ नावाचं नकली जहाज उभं केलेलं होतं. त्यावरून जाळ्या धरून खाली बोटीत उतरायचं, किनारा गाठायचा, वर टेकडी चढायची. युद्ध संपल्यावर राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीसाठी हीच जागा निवडली गेली, त्यात या जुन्या प्रशिक्षण केंद्राचाही वाटा होता. नेहरूंनी 6 ऑक्टोबर 1949 ला तिची कोनशिला बसवली.

पुण्यात खडकीला राष्ट्रकुल युद्धस्मशान आहे. हिरवळ, सारख्या उंचीचे पांढरे दगड, प्रत्येकावर नाव, पलटण, तारीख, वय. दुसऱ्या महायुद्धातले 1,668 सैनिक तिथे आहेत. पश्चिम आणि मध्य भारतात, जिथे एकही लढाई झाली नाही, तिथे विखुरलेल्या कबरी एकत्र करून ही जागा केली. म्हणजे यांतले बहुतेक छावणीत, इस्पितळात, रस्त्यावर, सरावात गेलेले. त्याच आवारातल्या स्मारकावर पूर्व आणि पश्चिम आफ्रिकेच्या 193 सैनिकांचीही नावं आहेत, जे ब्रह्मदेशात लढायला म्हणून आले आणि भारतातच राहिले.

मग आपली माणसं? हिंदू आणि शीख सैनिकांचं दहन झालं, त्यांना दगड नाही. दुसऱ्या महायुद्धात अविभाजित भारताचे सुमारे 87,000 सैनिक गेले, हे इतिहासाच्या पुस्तकात असतं. त्यांतले 25,000 हून अधिक आघाडीपासून दूर, जिथे लढाई नव्हती अशा भागात गेले, हे मात्र क्वचितच लिहिलं जातं. साडेतीन माणसांत एक, म्हणजे चौघांत एकाहूनही जास्त. त्यांची नावं एका मोठ्या सुलेखित ग्रंथात लिहिलेली आहेत. एक प्रत दिल्ली छावणीतल्या युद्धस्मशानात, तशीच दुसरी कराचीत. मराठा पलटणीत भरती झालेलं, तालमीतच गेलेलं एखादं पोरगं आपल्या घराण्यात होतं अशी नुसती आठवण कुणाकडे असेल, तर त्याचं नाव शोधायची जागा ही आहे. घराघरांत अशा आठवणी असतात: ‘आज्याचा थोरला भाऊ फौजेत गेला, परत आला नाही’. कुठे गेला, कसा गेला, काही नाही. बर्मात गेला असेल असं धरून चालतात. तो छिंदवाड्याच्या जंगलातही गेला असेल.

सातारा जिल्ह्यात अपशिंग्यासारखी गावं आहेत, जिथे पिढ्यान्‌पिढ्या घरोघर फौजी. निवृत्त सुभेदार पारावर बसलेला असतो. कागद कसा करायचा, कुणाला लिहायचं, तो सांगतो. मराठवाड्यात तशी परंपरा नाही. निजामाच्या राज्यात ब्रिटिश फौजेची भरती आपल्याकडे तशी झालीच नाही. त्यामुळे आपल्या भागातलं पोरगं भरतीला जातं ते बहुतेक वेळा घराण्यातलं पहिलंच. पहाटे रस्त्यावर धावणारी, छातीचं माप आणि सोळाशे मीटरची वेळ यांच्या गणितात बुडालेली पोरं मुदखेडपासून अहमदपूरपर्यंत कुठल्याही रस्त्यावर दिसतात. त्यांतलं एखादं तिरंग्यात परत येतं, तेव्हा सलामी होते, गाव लोटतं, पुढारी येतात. आणि लढाई चालू नसली तर तेराव्यानंतर कुणीतरी विचारतंच, “लढाई तर लागली नव्हती, मग पोरगं गेलं कसं?” विचारणाऱ्याच्या मनात वाईट नसतं. पण त्या आईला तो प्रश्न ‘तुझं पोरगं शहीद की नुसतंच मेलं’ असा ऐकू येतो.

याचं उत्तर सरकारच्या एका कागदात आहे आणि ते फार कमी घरांना माहीत असतं. पाचव्या वेतन आयोगानंतर, 31 जानेवारी 2001 ला, संरक्षण मंत्रालयाने पेन्शनबद्दल एक पत्र काढलं. ‘पराक्रम’च्या सुमारे साडेदहा महिने आधी. त्यात मृत्यूचे ए पासून ई पर्यंत पाच वर्ग केले आहेत. सेवेशी संबंध नसलेला मृत्यू पहिल्या वर्गात, सेवेमुळे जडलेल्या आजाराचा दुसऱ्या, कर्तव्यावरच्या अपघाताचा तिसऱ्या. आणि सर्वात वरच्या ‘ई’ वर्गात शत्रूच्या हल्ल्यात, आंतरराष्ट्रीय युद्धात गेलेल्यांच्या जोडीला आणखी दोन गोष्टी स्पष्ट लिहिल्या आहेत: सुरुंग पेरताना किंवा काढताना आलेला मृत्यू, आणि खऱ्या दारूगोळ्यासह केलेल्या ‘बॅटल इनॉक्युलेशन’च्या सरावात किंवा प्रात्यक्षिकात आलेला मृत्यू.

म्हणजे सरकारनेच मान्य केलं आहे की तयारीतलं हे मरण युद्धातलंच मरण. फरक नुसता मानाचा नाही, रोजच्या भाकरीचा आहे. कर्तव्यावरच्या अपघातात विशेष कुटुंब पेन्शन मिळते, शेवटच्या पगाराच्या साठ टक्के. ‘ई’ वर्गात उदारीकृत कुटुंब पेन्शन, शेवटच्या पूर्ण पगाराइतकी. त्यामुळे पलटणीतल्या चौकशीत, कोर्ट ऑफ इन्क्वायरीत, कुठली ओळ लिहिली गेली, याला फार महत्त्व. ट्रक सीमेकडे जाताना उलटला की परतताना, सराव कोणत्या आदेशाखाली होता, हे त्या ओळीवरून ठरतं. ज्यांना हे कळलं ती कुटुंबं पुढे सशस्त्र दल न्यायाधिकरणापर्यंत गेली आणि काहींना न्याय मिळाला. ज्यांना कळलं नाही, त्यांनी आलेल्या कागदावर अंगठा दिला. प्रत्येक जिल्ह्यात सैनिक कल्याण कार्यालय असतं, नांदेडलाही आहे, लातूरलाही. मुलगा भरती झाला त्याच वर्षी घरच्यांनी तिथे एकदा जाऊन यावं.

मानाचं म्हणाल, तर दिल्लीत इंडिया गेटजवळ 25 फेब्रुवारी 2019 ला राष्ट्रीय युद्ध स्मारक खुलं झालं. त्याच्या गोलाकार भिंतींवर एकेका दगडी विटेवर एकेक नाव कोरलेलं आहे. उद्घाटनाच्या वेळी 25,942. हे काम स्वातंत्र्यानंतर एकाहत्तर वर्षांनी झालं, पण झालं. तिथे हुद्द्याप्रमाणे लहान-मोठं नाही, सगळ्या विटा सारख्या.

आता अलीकडचं. 10 ऑक्टोबर 2024 ला नाशिकजवळ देवळालीच्या तोफखाना क्षेत्रात सराव चालू असताना तोफेजवळ गोळा फुटला आणि दोन अग्निवीर गेले. एक वीस वर्षांचा, एक एकवीस. एकाचं गाव गुजरातेत, दुसऱ्याचं बंगालमध्ये. दोघंही तोफ चालवायला शिकायला महाराष्ट्रात आलेले. जून 2022 मध्ये आलेल्या अग्निपथ योजनेत चार वर्षांची नोकरी आहे. सेवेत असताना आणि सेवेमुळे मृत्यू आला तर 48 लाखांचा विमा, 44 लाखांचं सानुग्रह अनुदान आणि सेवा निधीची रक्कम मिळते. रक्कम छोटी नाही. पण दर महिन्याला येणारी कुटुंब पेन्शन त्यात नाही. 2001 च्या पत्रातला ‘ई’ वर्ग, ज्यात खऱ्या दारूगोळ्याच्या सरावातलं मरण नाव घेऊन लिहिलं आहे, तो या दोघांच्या आईबापांना लागू नाही. त्याच तोफेवर, त्याच दिवशी, शेजारी जुन्या भरतीतला जवान उभा असता आणि तोही गेला असता, तर त्याच्या घराला त्या वर्गात बसवून घेण्याचा दावा तरी करता आला असता.

मराठवाड्यातली भरतीला धावणारी पोरं आता याच योजनेत जातात. तयारीत गेलेल्या जवानाच्या घरच्यांना युद्धात गेलेल्याच्या बरोबरीने बसवायला 2001 मध्ये मंत्रालयाचं एक पत्र पुरलं होतं. अग्निवीरांसाठी तसंच दुसरं पत्र निघायला हवं, आणि ते निघेपर्यंत आपल्या खासदारांना हा प्रश्न संसदेत विचारायला लावणं, हे नांदेड-लातूरच्या मतदारांच्या हातात आहे.